दबक्या आवाजातली जपानी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कंपनीच्या बसमधून बाणेरला उतरले, आईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्याचं आठवलं आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात शिरले. आई म्हणजे माझ्या सासूबाई. बाहेर पाऊस लागलेला, दुकानात ओल्या छत्र्यांचा आणि स्पिरिटचा मिसळलेला वास. माझ्या पुढे एक जपानी बाई उभी होती. तिच्या कडेवर तीनेक वर्षांचा मुलगा, डोकं तिच्या खांद्यावर टेकलेलं, गाल लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत हळू आवाजात म्हणत होती, "दाइज्योबु, दाइज्योबु. मोउ च्योत्तो ने." काही नाही होत, काही नाही होत. अजून थोडंसंच हं. मला ते कळलं. मनात भाषांतर करावं लागलं नाही, शेजारच्या फ्लॅटमधली बाई आपल्या पोराला समजावताना कळावं तसं सरळ कळलं. तेवढ्यात दुकानदाराने तापाच्या औषधाची बाटली काढली आणि किती एमएल द्यायचं ते सांगण्यासाठी विचारलं, "वेट? बाबाचं वेट?" तिने मान डोलावली आणि एक पाऊल मागे सरून थांबली. त्याने 'थांबा' म्हटलं, असंच तिला वाटलं होतं. तो पुन्हा म्हणाला, "मॅडम, वेट, वेट." ती आणखी मागे सरली आणि तिच्या छत्रीचं पाणी माझ्या पायावर ठिबकलं. "सुमिमासेन," ती माझ्याकडे वळून घाईने म्हणाली.

मी नुसती हसले.

'नान किरो देस का.' किती किलो आहे? हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते. बाजारातल्या टोमॅटोंसाठी असलेलं ते वाक्य मुलाच्या वजनालाही चाललं असतं. अख्खं वाक्य सोडा, मुलाकडे बोट दाखवून 'नान किरो' एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. वाक्य डोळ्यांसमोर आलंही, माझ्याच वहीतल्या निळ्या शाईत, पानाच्या डाव्या कोपऱ्यात जिथं लिहिलंय तिथंच दिसलं. ओठ उघडले. आवाज निघाला नाही. शेवटी मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाने दोन्ही हातांनी तराजूची खूण करून "किलोग्रॅम" म्हटलं. ती "आ!" म्हणाली, फोनवर चौदाचा आकडा काढून दाखवला, औषध घेतलं, दुकानदाराला वाकून नमस्कार केला आणि पावसात निघून गेली. आजारी माणसाचा निरोप घेताना जपानीत 'ओ-दाइजी नि' म्हणतात, म्हणजे काळजी घ्या. तेही मला येत होतं. काउंटरवर आईंच्या गोळ्यांचे पैसे देताना माझे कान तापले होते. ते बरेच दिवस निवले नाहीत.

जपानीचं वेड मला कॉलेजात लागलं. फर्ग्युसन रस्त्यावरून जाताना रानडे इन्स्टिट्यूटच्या फाटकातून बाहेर पडणारी मुलं दिसायची. कुणाच्या हातात जर्मनची पुस्तकं, कुणाच्या फ्रेंचची, आणि एकदा एका मुलीच्या उघड्या वहीत ओळीने काढलेली, चौकोनात नेमकी बसवलेली चित्रं. ती अक्षरं आहेत हे कळल्यावर मी तिथं उभीच राहिले. पण तेव्हा बीकॉम, मग नोकरी, मग लग्न, मग लेक. चाकणच्या कंपनीत अकाउंट्सला लागल्यापासून तर महिन्याचे दिवस ११ आणि २० याच तारखांनी मोजले जातात. जीएसटीची दोन विवरणपत्रं, ११ ला जीएसटीआर-१, २० ला थ्री-बी, आणि मध्ये मध्ये ऑडिटरचे फोन. वीस वर्षं ती वही मनात कुठंतरी ठेवून दिलेली होती. लेक आठवीत गेली आणि तिचा अभ्यास तिचा ती करायला लागली, त्या जूनमध्ये मी पहिल्यांदा हिरागाना या जपानी लिपीतल्या ४६ अक्षरांचा तक्ता छापून आणला आणि फ्रिजवर लावला.

क्लास लावायला जमण्यासारखं नव्हतंच. बस सकाळी सव्वासातला आणि परतायला संध्याकाळचे साडेसात. उरली पहाट. पाच ते पावणेसहा अशी पाऊण तासाची पहाट मी माझ्यासाठी काढली. आमचं घर दोन खोल्यांचं, आईंची कॉट हॉलमध्ये, आणि हॉल व स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक पडदा. म्हणून मोठा दिवा लावायचा नाही, गॅसवरच्या चिमणीचा लहान दिवा तेवढा लावायचा. चहाचं भांडं ओट्यावर ठेवतानाही खाली फडकं घालायचं. कानात इअरफोन लावून एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे मोफत धडे ऐकायचे आणि मागोमाग म्हणायचं ते ओठांतल्या ओठांत. 'वाताशी वा,' 'कोरे वा,' 'इकुरा देस का.' पुटपुटायचं, जेमतेम स्वतःच्या कानापर्यंत पोहोचेल इतकंच. आईंची झोप सावध, वय ७८, दुपारी पडल्या तरी डोळा लागत नाही. त्यांची पहाटेची झोप मोडून मला काही शिकायचं नव्हतं.

त्या अंधुक उजेडात मला जे सापडलं, त्याचा आनंद आजही तसाच आहे. फ्रिजवरचा तक्ता पाठ करताना एका पहाटे लक्षात आलं की मी तो आधीपासून पाठ असल्यासारखी म्हणतेय. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. कंठापासून ओठांपर्यंत यायचं आणि शेवटी य र ल व, हा आपल्याच वर्णमालेचा रस्ता आहे! मग शोधत गेले. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत आणि ती लिहायची सिद्धम लिपी चीनमार्गे जपानला पोचली. कूकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथं संस्कृत शिकला आणि ८०६ मध्ये परतला. अशा अभ्यासातून जपानी ध्वनींचा हा क्रम लागला, आणि आज जपानी शब्दकोश त्याच क्रमाने छापतात. 'प'च्या जागी 'हा' का, याचंही उत्तर मिळालं. तो उच्चार पूर्वी 'पा' असाच होता. 'सा' जिथं बसलाय तिथं आपला 'च' वर्ग, आणि त्या 'सा'चा जुना उच्चार 'च', 'त्स'च्या जवळचा होता असं अभ्यासक मानतात. 'ल' नाही, कारण त्यांच्या तोंडी 'ल' नाहीच. पहिलीत पाटीवर गिरवलेली वर्णमाला बाराशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेली होती आणि आता एका प्रिंटआउटवरून माझ्या स्वयंपाकघरात परत आली होती. कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटलं. घड्याळात पाच वीस झाले होते. कणीक मळायला घेतली.

व्याकरणातही असंच होत गेलं. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे. 'नो' म्हणजे चा-ची-चे, फक्त लिंगाची भानगड नाही. 'कारा' म्हणजे पासून. आणि वाक्याच्या शेवटी येणारा तो गोड 'ने', आपला 'ना', आपला 'हं'. पण मला खरं जिंकलं ते जोडक्रियापदांनी. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे, आणि त्यातला 'मिरु' खरोखरच 'बघणे'. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, आणि 'ओकु' म्हणजे 'ठेवणे'. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे. इंग्रजीतून समजावणारी माणसं या एकेका रूपासाठी पानभर लिहितात, आणि मी ते वाचायच्या आधीच मान डोलावलेली असते. ऑफिसात दिवसभर इंग्रजीत मेल लिहिणारी मी, घरातल्या 'करून बघ', 'आणून ठेव', 'संपवून टाक' या बोलण्याकडे इतक्या प्रेमाने याआधी कधी पाहिलंच नव्हतं.

कांजींची, म्हणजे चीनमधून आलेल्या अर्थदर्शक अक्षरांची, गोष्ट वेगळी. त्यांना वेळ लागतो आणि तिथं सवलत नाही. जपानी सरकारच्या नेहमीच्या वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत. जपानीच्या परीक्षेच्या खालच्या पायऱ्यांना त्यातल्या शंभर-तीनशे पुरतात, पण त्या तीनशेही हातातून निसटत राहतात. त्यांचा अभ्यास मी बसमध्ये करते. बस नाशिक फाट्याला अडकते, भोसरीला रखडते, मोशीच्या पुढे ट्रकांच्या मागे उभी राहते. शेजारच्या बायका झोपलेल्या असतात आणि मी मांडीवर बोटाने रेघा ओढत असते. एका सकाळी फोनवर 'इसोगाशी' हा शब्द आला, म्हणजे कामात गढलेला, सवड नसलेला. त्याच्या कांजीत डावीकडे मनाचं चिन्ह आणि उजवीकडे 'नाहीसं होणं'. चारच दिवसांनी 'वासुरेरु' आला, म्हणजे विसरणे. हा शब्द एकदाच ऐकून डोक्यात बसला. 'विसर'शी त्याचा काही संबंध नाही, पण कानाला ते पटत नाही. त्याची कांजी बघते तर तेच दोन तुकडे, फक्त रचना उभी. वर 'नाहीसं होणं', खाली मन. मन बाजूला ठेवलं की गडबड आणि खाली दाबलं की विसर. यातला 'नाहीसं होणं' मुळात उच्चार दाखवण्यासाठी जोडलेला भाग आहे असं नंतर वाचलं, पण तोवर मी ती दोन अक्षरं माझ्यापुरती वाचून झाले होते. तो थ्री-बीचा आठवडा होता. लेकीने सोमवारी मागितलेले चित्रकलेचे कागद मी गुरुवारपर्यंत आणले नव्हते. खिडकीबाहेर मोशीचा पूल गेला आणि मी मांडीवर पुन्हा पुन्हा तेच अक्षर काढत राहिले.

जपानी भाषेची परीक्षा वर्षातून दोनदा असते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. पहिल्या डिसेंबरात एन-५ ही सगळ्यात खालची पायरी दिली, पुढच्या डिसेंबरात तिच्या वरची एन-४. दोन्ही पास झाले. एन-४ ला १८० पैकी १२८ पडले, पासला ९० लागतात. हॉलमध्ये माझ्या आजूबाजूला लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुलं-मुली होती, सगळी पेन्सिलींना टोकं काढून बसलेली. मला त्यांच्यात बसताना फार बरं वाटलं. निकाल आला तेव्हा नवऱ्याने आंबा बर्फी आणली. प्रमाणपत्र मी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं, जपायच्या गोष्टी मी तिथंच ठेवते. त्या परीक्षेत ऐकण्याचा पेपर असतो, वाचण्याचा असतो. बोलण्याचा नसतो. बरोबर उत्तराचा गोल पेन्सिलने काळा केला की झालं. सव्वादोन वर्षं शिकलेल्या त्या भाषेत मी एकाही जित्या माणसाशी एक वाक्य बोलले नव्हते, आणि औषधाच्या दुकानातल्या त्या संध्याकाळपर्यंत हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्या रात्री आईंना गोळी आणि पाणी द्यायला गेले. त्यांनी गोळी तळहातावरच ठेवली आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काय झालंय गं? आल्यापासून गप्पशी आहेस." मी कॉटच्या कडेला बसले आणि सांगितलं सगळं. ती बाई, तापाने फणफणलेलं पोर, वेट-वेट, आणि माझ्या तोंडून न निघालेलं वाक्य. सांगताना माझा गळा दाटून आला याचं मलाच आश्चर्य वाटलं. आईंनी ऐकून घेतलं, गोळी घेतली, पाणी प्यायल्या.

"मग रोज पहाटे पुटपुटतेस ते तेच ना?"

मी बघतच राहिले. म्हटलं, "आई, तुम्ही जाग्या असता?"

"चार वाजल्यापासून जागी असते मी. तू दबकून चालतेस, दिवा लावत नाहीस, मग मीही डोळे मिटून पडते. म्हटलं तुझा काहीतरी जप चाललाय, मध्येच खोकले तर मोडायचा. खोकला आला तरी गिळून टाकते."

सव्वादोन वर्षं. पडद्याच्या अलीकडे मी त्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज गिळत होते, आणि पलीकडे त्या माझा जप मोडू नये म्हणून खोकला गिळत होत्या. मी काही बोलू शकले नाही. त्यांचे पाय दाबत बसले. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "हे बघ, माझा हरिपाठ मला अक्षरओळख व्हायच्या आधीचा. आमची आई दळताना मोठ्यानं म्हणायची, मागनं आम्ही म्हणायचो. पुस्तक पुढं चौथीत हातात आलं. तोंडाला वळण आधी लागतं बाई. मनातल्या मनात म्हणून कुठं काय येतं? उद्यापासून मोठ्यानं म्हण. मलाही कळू दे काय ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मोठा दिवा लावला. आई भिंतीला उशी लावून बसल्या, गुडघ्यांवर गोधडी. पहिलं वाक्य म्हणताना माझा आवाज मलाच परका वाटला, घोगरा आणि वर-खाली होणारा. मग कळायला लागलं की पुटपुटण्यात काय काय निसटलं होतं. जपानीत 'आमे' म्हणजे पाऊस आणि 'आमे' म्हणजे गोळीबिस्कीटवाली गोळी. टोकियोकडच्या बोलीत 'आ' वर उचलून 'मे' खाली सोडला की पाऊस, खालून सुरू करून 'मे' वर नेला की गोळी. फरक सगळा सुराचा, आणि कुजबुजण्यात सूर नसतोच, नुसती हवा असते. सव्वादोन वर्षं माझा पाऊस आणि माझी गोळी एकच होती. आईंना मी दोन्ही म्हणून दाखवले, फोनवरचे उच्चार ऐकवले. भजनातला सूर ओळखणारा त्यांचा कान. तिसऱ्या खेपेला त्या डोळे मिटून म्हणाल्या, "आता पडला पाऊस." मग "ही गोळी." मी चुकले की मान हलवतात. जपानीचा एक शब्द न येता त्या माझ्या शिक्षिका झाल्या आहेत.

त्यांना शब्दांची गोडीही लागली आहे. एकदा विचारलं, "नवऱ्याला काय म्हणतात गं त्यांच्यात?" मी म्हटलं, बरेच शब्द आहेत, पण एक आहे 'दान्ना', आणि तो आपल्या 'दान'वरून गेलेला आहे. भिक्षूंना दान देणारा तो दान्ना, मग घरचा धनी, मग नवरा. आई बराच वेळ गप्प होत्या. मामंजींना जाऊन आता अकरा वर्षं झाली. "देणारा," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बरोबर आहे." त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही. मी चहा ठेवला आणि आम्ही दोघी तो न बोलता प्यायलो.

आणि 'इत्ते किमास'. घरातून निघताना जपानी माणूस हे म्हणतो. शब्दशः 'जाऊन येते'. घरात राहिलेला माणूस उत्तर देतो, 'इत्तेराश्शाइ', जाऊन ये. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ऑफिसला निघताना "जाते आई" म्हटलं होतं, आणि आईंनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन मला उंबऱ्यात थांबवलं होतं. "जाते म्हणू नये बाळ. येते म्हणावं." तेव्हा मला ते जुन्या वळणाचं, जरा जाचकच वाटलं होतं. उशीर होत होता, बस चुकेल ही धाकधूक होती. आता सव्वासातच्या बसला निघताना मी चपला घालता घालता "इत्ते किमास" म्हणते, मोठ्यानं, शेजारच्यांच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं. आतून उत्तर येतं, कधी 'इत्तेराश्शाइ'च्या जवळपासचं काहीतरी, बहुतेक वेळा नुसतंच "ये हो."

ती बाई पुन्हा दिसली नाही. औषधाच्या दुकानाशी गेले की नजर जाते. त्या पोराचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला असेल, आता तो चारेक वर्षांचा होऊन कुठं बागेत धावत असेल, कदाचित ते परत त्यांच्या देशीही गेले असतील. पण एक वाक्य मी त्यानंतर रोज म्हणते, उगवत्या पाऊण तासातलं पहिलं. 'ओ-तेत्सुदाइ शिमाश्यो का.' त्यातल्या 'तेत्सुदाइ'ची कांजी हाताच्या चिन्हाने सुरू होते. आपण हातभार म्हणतो तसंच.

परवाच्या रविवारी सुट्टी म्हणून आम्ही दोघी अंमळ उशिरा बसलो होतो. आईंच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर पावट्याच्या शेंगांचा ढीग, स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलेलं. मी वही न उघडता ते वाक्य म्हटलं, शेवटचा 'का' नीट वर नेऊन. आईंनी विचारलं, "हे रोजचंच आहे ना? अर्थ काय गं त्याचा?"

"काही हातभार लावू का?"

आईंनी अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या.